रेल्वे असती तर

"रेल्वे असती, तर आली असतीस का?"

मिरादोर हे ग्वाटेमालाच्या उत्तरेकडच्या जंगलात झाकलं गेलेलं माया लोकांचं प्राचीन शहर. तिथल्या तळावर दोन्याने हे विचारलं तेव्हा तिचे दोन्ही हात मक्याच्या पिठात होते. आमचा स्वयंपाक करायला ती कार्मेलिता गावातून आमच्याबरोबरच चालत आली होती. पंचावन्नच्या पुढची, बुटकी, पायात गमबूट, आणि उठताना गुडघ्यावर हात दाबून उठायची सवय. वयाने मोठी म्हणून सगळे तिला दोन्या म्हणायचे, मीही म्हणायचे. ती मला मिहा म्हणायची, पोरी. चुलीवरचा पत्रा तापला होता, ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत जात होता, आणि वर कुठेतरी सारावाते माकडांचं संध्याकाळचं घुमणं सुरू झालं होतं. तो आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला माकडाचा वाटतच नाही, एखादं मोठं जनावर जमिनीखालून ओरडतंय असं वाटतं. मी ओंडक्यावर बसून चिखलाने कडक झालेले मोजे सोलून काढत होते. "नाही," मी लगेच म्हटलं. ह्यूस्टनच्या नोकरीत रोज कानावर पडून आलेल्या कामचलाऊ स्पॅनिशमध्ये पुढे जोडलं, की चालत येण्यातच तर सगळं आहे. तिने मान हलवली. हातातला गोळा थापून पत्र्यावर टाकला, कड सुटेपर्यंत थांबली, बोटांनीच उलटला. मग म्हणाली, "आणि तुझी आई?"

त्या रात्री हॅमॉकमध्ये मला बराच वेळ झोप लागली नाही. माझी आई डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, लिफ्ट बंद असली की ती खाली उतरत नाही. कार्मेलिता ते मिरादोर एका बाजूने चाळीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन पाच-सहा दिवसांची चाल. वाटेत गाव नाही, दुकान नाही, सामान खेचरांवर आणि माणसं पायी. फार पैसेवाले हेलिकॉप्टरने येतात. बाकीच्यांना पाय चालत असतील तरच हे जग उघडतं, आणि हे मला इथे येईपर्यंत या जागेचं सौंदर्यच वाटत आलं होतं. दोन्याच्या प्रश्नानंतर तेवढ्याने भागेना. कारण खरं तर या जंगलाशी माझ्या आईचं नातं माझ्याहून जुनं आहे.

ते मला वाटेवर कळलं होतं. गाव सोडून फार वेळ झाला नव्हता. आमचा वाटाड्या, चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस, एका झाडापाशी थांबला. खोड सरळ, काळपट, खडबडीत. फांद्या इतक्या वर की मान पूर्ण मागे टाकल्यावरच दिसाव्यात. खोडावर बुंध्यापासून वरपर्यंत नागमोडी खाचा, एक डावीकडे उतरती, एक उजवीकडे, पुन्हा डावीकडे, नजर पोहोचेल तिथवर. जुन्या खाचांच्या कडा भरून आल्या होत्या. त्याने एका खाचेत बोट ठेवून ते तिरकं खाली ओढलं आणि म्हणाला, ही माझ्या वडिलांच्या वेळची असावी, तेव्हाची माणसं खाच अशी उभट घ्यायची. मग कोयत्याच्या टोकाने त्याने साल जराशी टोचली. पांढरा थेंब फुटला. मी बोटावर घेतला, दोन बोटं एकमेकांना लावली, ती चिकटली, आणि मी नकळत मराठीत ओरडले: चिकू!

आजोबांची घोलवडला छोटी वाडी होती. आईचं लहानपण त्या झाडांखाली गेलं. मी मे महिन्यात जायचे तेव्हा ती मला कच्च्या फळाला हात लावू द्यायची नाही, कारण चीक ओठांना लागला की पाण्याने जात नाही, खोबरेल तेल लावून चोळावं लागतं, आणि ओठ दिवसभर ओढल्यासारखे राहतात. उतरवलेली फळं पाण्यात चोळून त्यांच्यावरची खरखरीत भुकटी काढायची, गवतात घालून पिकवायची, हे ती मुंबईच्या खोलीतही करत आली. कालीपत्ती सोडून दुसऱ्या जातीला ती चिकू मानत नाही. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ती बातमी तिने कापून ठेवली आहे. आणि तिला हेही पक्कं ठाऊक आहे की आमच्याकडे चिकूचं कलम रायणीच्या खुंटावर बांधतात. वरचं झाड परदेशी असलं तरी मूळ इथलंच, असं ती अभिमानाने सांगते. ते परदेश म्हणजे हा प्रदेश. दक्षिण मेक्सिको, बेलीझ, उत्तर ग्वाटेमालाचा पेतेन. वाडीतलं आमचं झाड बुटकं, पसरलेलं, हाताशी येणारं. इथे तेच झाड तीस मीटरवर जाऊन उजेड गाठतं आणि त्याची फळं माकडं खातात. या झाडाखाली खरं तर आईने उभं राहायला हवं होतं. मी फक्त तिचं ऐकलेलं सगळं आठवत होते.

वाटाड्याचं गावच या चिकामुळे वसलेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत च्युइंगगमची चटक वाढत गेली, तेव्हा गमसाठी लागणारा चीक, ते लोक त्याला चिकले म्हणतात, इथल्या जंगलातून जायचा. पावसाळ्यात झाडाला चीक चढतो, म्हणून माणसं ऐन पावसात महिनोन्‌महिने जंगलात राहायची. बुटांना लोखंडी काटे, कमरेभोवती आणि खोडाभोवती एकच दोर, एका हातात कोयता. खाचा पाडत वर जायचं, चीक खाचांमधून वाहत बुंध्याशी लावलेल्या पिशवीत उतरायचा, मग कढईत आटवून त्याच्या वड्या पाडायच्या. एकदा खाचलेलं झाड काही वर्षं विश्रांतीला सोडायचं, तरच ते जगतं. वर चढलेल्या माणसाचा कोयता चुकून स्वतःच्याच दोरावर पडणं हा या धंद्यातला ओळखीचा मृत्यू. माशीच्या चाव्याने कानाची पाळी झडत जाण्याचा रोगही इतक्या जणांना व्हायचा की त्याला त्यांच्याच धंद्याचं नाव पडलं. पूर्वेला वाशाक्तून गावात तर जंगलात धावपट्टी काढली होती, चिकाच्या वड्या विमानाने जायच्या. पुढे कारखान्यात बनवलेला कृत्रिम गम आला, मागणी कोसळली. माणसं मात्र राहिली, आणि त्यांच्याजवळ एक गोष्ट उरली: या जंगलातली प्रत्येक वाट, प्रत्येक पाणवठा आणि झाडोऱ्याखाली दडलेला प्रत्येक दगडी ढीग.

पुरातत्त्वाच्या पुस्तकांत शोध लावणाऱ्यांची नावं असतात. इयन ग्रॅहम १९६२ साली मिरादोरला पोहोचला आणि त्याने पहिला नकाशा काढला, हे नोंदलेलं आहे. पण पेतेनमधली कित्येक शहरं बाहेरच्या जगाला कळली ती चीक काढणाऱ्यांनी दाखवली म्हणून. खेचरांच्या वाटा त्यांच्या, तळ त्यांचे, पाणी कुठे मिळेल ते त्यांना माहीत. आजही आम्ही मुक्काम करत होतो त्या जागा मुळात पाण्याशेजारी आहेत म्हणून तळ झालेल्या. आणि हे झाड फक्त गमाचं नाही. माया लोकांनी तिकाल या त्यांच्या शहरातल्या मंदिरांच्या दारांवरच्या तुळया याच लाकडाच्या कोरल्या. आठव्या शतकातल्या त्या तुळया बाराशेहून अधिक वर्षं ओल, वाळवी, वटवाघळं सोसून शाबूत राहिल्या. त्यांतल्या काही एकोणिसाव्या शतकात काढून नेल्या, त्या आता स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या संग्रहालयात आहेत. लाकूड राहिलं याचं आश्चर्य वाटाड्याला वाटत नव्हतं. चिकूचं लाकूड आहे, राहणारच, असं त्याचं म्हणणं. ते परत यायला हवं, एवढं तो तीनदा म्हणाला.

चालणं सोपं नाही, आणि ते रम्य करून सांगावंसं मला वाटत नाही.

पाऊस नुकता संपलेला होता. वाटेचा मोठा भाग सखल दलदलीतून जातो, त्यांना बाहो म्हणतात. उन्हाळ्यात भेगाळतात, पावसाळ्यात गुडघाभर भरतात. मधल्या दिवसांत चिखल काळा आणि इतका घट्ट असतो की बूट वर येतो पण पाय बुटातून निघून येतो. पुढे गेलेल्या खेचरांच्या खुरांनी वाटेवर खड्डे पाडलेले, त्यांत पाणी, पाण्यावर डास. पाय कुठे टाकायचा हे बघण्यातच सगळं लक्ष. त्यामुळे पहिल्या मुक्कामाच्या आधीचं जंगल मला आठवतं ते बहुतेक जमिनीवरचं: पानं कापून नेणाऱ्या मुंग्यांची रांग, पडलेल्या रामोन फळांची साल, जग्वारचा नसलेला पण मी पुन्हापुन्हा शोधलेला ठसा. वर बघायला वाटाड्या सांगायचा. थांब, वर बघ: टूकान. थांब, वर बघ: कोळीमाकडं फांद्या मोडून आमच्या अंगावर टाकतायत, आम्ही त्यांच्या झाडाखाली थांबलो म्हणून. मोरासारखे डोळे शेपटीवर असलेली पेतेनची टर्की मात्र तळांवर निर्धास्त हिंडते, निळं डोकं वरखाली करत. कित्येक वर्षांत तिला इथे कुणी मारलेलं नाही, हे तिच्या चालीवरून कळतं. संध्याकाळी कपडे काढून गोचिड्या शोधायच्या हा रोजचा कार्यक्रम. दोन्याने चिकटपट्टीचा तुकडा बोटाला उलटा गुंडाळून बारीक गोचिड्या कशा उचलायच्या ते शिकवलं.

तिंताल या दुसऱ्या जुन्या माया शहराहून पुढे वाट एकदम सरळ होते. बाजूची जमीन खाली राहते, आपण जरा उंचावरून चालतोय असं जाणवतं. वाटाड्याने सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं, की आम्ही दोन हजार वर्षांपूर्वीच्या रस्त्यावर होतो. दलदलीतून कोरड्या पायाने जाता यावं म्हणून माया लोकांनी बांध घालून, वर पांढऱ्या चुन्याचा गिलावा देऊन हे रस्ते केले. काही ठिकाणी चाळीस मीटरपर्यंत रुंद. अलीकडे विमानातून लेझर सोडून केलेल्या मोजणीत या खोऱ्यात जंगलाखाली शेकडो वस्त्या आणि त्यांना जोडणारे एकशे सत्त्याहत्तर किलोमीटर रस्ते नकाशावर आले. त्या रस्त्यावर आज चिकूची, रामोनची झाडं उभी आहेत आणि मुळांनी गिलावा कधीच फोडला आहे. मी वाटाड्याला विचारलं, तुझे पूर्वज हे बांधणारे असतील असं वाटतं का तुला? तो चालता चालता म्हणाला, माझे पणजोबा मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझहून चीक काढायला आले. आजीकडचे कोबानचे. हे कुणी बांधलं ते मला पुस्तकातूनच कळलं, तुझ्यासारखंच. पुढे दोन-चार पावलं गेल्यावर त्याने जोडलं, पण आग लागली की विझवायला आम्ही असतो.

हे वाक्य मला अजून पुरतं पचलेलं नाही. वारसा रक्ताने येतो, असं आपण सहज धरून चालतो. गडावर गेल्यावर आपल्या छातीत काहीतरी भरून येतं, त्यात आपण कुणाचे वंशज आहोत याचा हिशेब असतोच. इथे ज्यांनी बांधलं त्यांच्या भाषा बोलणारी माणसं ग्वाटेमालात लाखोंनी आहेत, पण या वाटेवरच्या या गावात बहुतेक घरांत स्पॅनिशच बोलतात. राखणदार वंशज नाही. त्याने तसा दावाही केला नाही. त्याने केलेला दावा वेगळा होता आणि तो मला जास्त भक्कम वाटला.

ला दान्ता या पिरॅमिडवर चढायला लाकडी जिने लावले आहेत. जंगलाच्या जमिनीपासून वरपर्यंत ७२ मीटर. खालून ते पिरॅमिड वाटत नाही, झाडांनी झाकलेली टेकडी वाटते. एक चौथरा चढलं की सपाटी, त्यावर पुन्हा चौथरा, आणि अगदी वर तीन मंदिरांचा गट. माथ्यावर पोहोचलो तेव्हा वारा होता, घाम एकदम गार झाला. सगळ्या दिशांनी जंगल, क्षितिजापर्यंत, एकही छप्पर नाही. मध्ये दोन-चार उंचवटे दिसतात ते डोंगर नाहीत, इमारती आहेत. पश्चिमेचा मोठा म्हणजे एल तिग्रे, आग्नेयेला नाकबे, उत्तरेला सीमेपलीकडे मेक्सिकोतलं कालाकमुल. माझे डोळे भरून आले आणि मला त्याचं कारण सांगता आलं नाही. इथे येण्याआधी मी बरंच वाचलं होतं, त्यातलं माथ्यावर आठवलं ते चुन्याबद्दलचं. इथला दगड चुनखडीचा. तो भट्टीत भाजून चुना करायचा आणि जमिनीवर, भिंतीवर, रस्त्यावर गिलावा द्यायचा. शहर जसं वैभवाला चढलं तसे गिलाव्याचे थर जाड होत गेले. चुना भाजायला ओलं लाकूड लागतं, प्रचंड. काही संशोधकांचं मत असं, की त्यासाठी झाडं तुटली, उघड्या उतारांवरची माती वाहून सुपीक दलदलीवर बसली, शेती गेली, आणि इसवी सन १५० च्या सुमारास माणसं हे शहर सोडून गेली. सगळे अभ्यासक हे एकच कारण मानत नाहीत. पण त्या माथ्यावर, चुन्याच्या जाड थरांवर उभं राहून खालची झाडं बघताना ते वाचलेलं अंगावर येतं. संध्याकाळी तळावर दोन्या सांगत होती, की गावात ती मका रात्रभर चुन्याच्या पाण्यात ठेवते, त्याने साल सुटते आणि पीठ चिवट होतं. या खंडात हे हजारो वर्षं चालू आहे. चुन्याने मक्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं, नाहीतर नुसत्या मक्यावर जगणाऱ्याला पेलाग्रा हा त्या जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग होतो. दगड तोच, भट्टी तीच. पोटापुरता चुना आणि थाटाचा चुना, यांत या शहराचा पूर्ण इतिहास बसतो असं मला त्या संध्याकाळी वाटलं.

आज झाडं उभी आहेत त्याची गोष्ट मात्र इतकी जुनी नाही. १९९० साली ग्वाटेमालाने पेतेनच्या उत्तरेला माया जीवावरण राखीव क्षेत्र जाहीर केलं, २१ लाख हेक्टर, देशाचा जवळपास पाचवा हिस्सा. जंगलात राहणाऱ्यांना एका सकाळी कळलं, की आपण राहतो ती जागा संरक्षित झाली आहे आणि आपण तिथे अडचण आहोत. ३६ वर्षांचं यादवी युद्ध संपत आलं होतं, गावं संघटित होत होती. त्यांनी आकोफोप ही आपली संघटना १९९५ साली उभी केली आणि मागणी केली: जंगल आमच्या ताब्यात द्या, राखून दाखवतो. १९९७ मध्ये कार्मेलिताच्या सहकारी संस्थेला सुमारे ५४ हजार हेक्टर जंगल २५ वर्षांच्या कराराने मिळालं. मालकी सरकारची, वापर आणि राखण गावाची. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, ती लढाई ज्यांना माहीत आहे त्यांना यातला ताण सांगायला नको. इथे जंगलाचे तुकडे पाडून दर वर्षी एका तुकड्यातली मोजून ठरवलेली महोगनी तोडतात, मग तो तुकडा काही दशकं सोडून देतात. लाकडावर जबाबदार तोडीचं प्रमाणपत्र आहे. शाते नावाच्या खुज्या ताडाची पानं काढून अमेरिकेला पाठवतात, तिथे ती फुलवाले गुच्छांत वापरतात आणि ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये लागतात. पूर्वी पानांच्या नगावर पैसे मिळायचे, म्हणून लोक बरं-वाईट सगळंच कापायचे आणि निम्मं फेकलं जायचं. आता चांगल्या पानालाच भाव, त्यामुळे काढणारा निवडूनच कापतो. चीक आहे, रामोनच्या बिया आहेत. आणि पर्यटन आहे: वाटाडे, स्वयंपाकिणी, खेचरवाले आळीपाळीने जातात, म्हणजे पैसा एका घरात साचत नाही. नफ्यातून शाळेला, शिकणाऱ्या मुलांना आणि वणवा विझवणाऱ्या पथकांना पैसे जातात.

पश्चिमेला लागुना देल तिग्रे आहे. ते राष्ट्रीय उद्यान, कागदावर सगळ्यांत कडक संरक्षण असलेलं. तिथलं जंगल गुरांच्या कुरणांसाठी जाळलं गेलं, अमली पदार्थांच्या पैशावर उभी राहिलेली कुरणं त्यात मोठी. गावांच्या ताब्यातल्या, वस्ती जुनी असलेल्या जंगलांत मात्र तोड नगण्य राहिली. फ्लोरेस या शहरातून बसने येताना हे मला कागदाशिवाय दिसलं होतं. पांढऱ्या धुळीच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तासन्‌तास काटेरी तार, बोडकी टेकाडं, पांढरी गुरं. मग झाडं जवळ येत गेली, बसमध्ये गारवा आला, शेजारच्या बाईने खिडकी उघडली आणि म्हणाली, आलं आमचं.

तर, रेल्वे. मिरादोरपर्यंत जंगलातून छोटी गाडी न्यावी ही कल्पना पुष्कळ वर्षं मांडली जाते आहे. तिथे दीर्घकाळ उत्खनन करणारे अमेरिकी पुरातत्त्वज्ञ रिचर्ड हॅन्सन यांनी ती मांडली. रस्ता केला तर त्यामागून तोड येते, रुळांनी ते टळेल, असा त्यांचा युक्तिवाद. त्यांच्या कामाचं मोल कमी नाही. २००९ साली त्यांच्या गटाला इथे चुन्यात घडवलेली पोहणाऱ्या आकृत्यांची भिंत सापडली, तिच्यासमोर मी कितीतरी वेळ उभी होते. २०१९ च्या अखेरीस अमेरिकी सिनेटमध्ये या खोऱ्यासाठी ६ कोटी डॉलरचं विधेयकही आलं. ते मंजूर झालं नाही, पण पेतेनमधली गावं तेव्हा खवळली, कारण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हा प्रकार त्यांना नवा नव्हता. २००२ मध्ये सरकारने मिरादोरचं संरक्षित क्षेत्र वाढवून त्यांच्या कराराच्या जंगलावर आणलं होतं, तेव्हाही गावकरी न्यायालयात गेले आणि जिंकले.

मला वाटलं होतं दोन्या रेल्वेच्या विरोधात असेल. तिने प्रश्न विचारला तेव्हा मी तिला हवं ते उत्तर देतेय असंच मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना मी तिलाच विचारलं, तुला हवी आहे का? ती राखेने पातेलं घासत राहिली. मग म्हणाली, या वाटेचे पैसे मला मिळतात कारण तू चालतेस. गाडी आली तर तू सकाळी येशील, संध्याकाळी फ्लोरेसच्या हॉटेलात जेवशील. माझा स्वयंपाक कोण खाणार? आणि मग, त्याच सुरात: पण माझी सून बाळंतपणात अडली तेव्हा पावसाने गावचा रस्ता बंद होता. तेव्हा कुणी गाडीची गोष्ट काढली नाही. तिला रस्ता हवा आहे. गावापर्यंत, बारमाही, दवाखान्यापर्यंत नेणारा. भग्नावशेषांपर्यंतचा नाही. बाहेरून येणारा पैसा, तो अमेरिकेतून येवो की राजधानीतून, नेहमी गाव ओलांडून पुढे पिरॅमिडकडे जातो, हे तिचं दुखणं होतं. आमच्यासारख्यांचं रस्ता नसण्यावरचं प्रेम तिला दिसत होतं, आणि ते तिच्या घराला महागात पडतं हेही. तरीही तेच प्रेम तिच्या चुलीला लाकूड पुरवतं. ती या सगळ्याच्या मध्ये उभी राहून पातेलं घासत होती आणि मला तिला एका बाजूला उभं करता येईना.

आईचं काय, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. जे पाहायला पाय लागतात ते पायांविना दिसायलाच हवं का? माझ्या मनात दोन्ही उत्तरं आहेत आणि ती एकमेकांना खोडत नाहीत. गाडीने आई आली असती तर दान्ताच्या माथ्यावर तशीही चढली नसती. पण चिकूचं ते झाड गावाजवळच होतं. फ्लोरेसला परतल्यावर तिला फोन लावला, खाचांचे फोटो पाठवले. ती बराच वेळ बघत असावी. मग तिने विचारलं, कलम कशावर बांधलंय? म्हटलं, कशावरच नाही, बी रुजून आपलं आपण आलंय. मग फळ गोड असतं का? वाटाड्या म्हणाला होता लहान असतं पण गोड. मग खुंटाला ओल कशी सोसते, दलदलीत कुजत नाही का, असे प्रश्न ती विचारत गेली. निम्म्यांची उत्तरं मला ठाऊक नव्हती, ती मी वाटाड्याला लिहून विचारली, आणि त्याने चार दिवसांनी, सिग्नल मिळाल्यावर, एकेक करून दिली. दलदलीच्या अगदी तळात हे झाड येत नाही, कडेच्या उंचवट्यावर येतं. आई म्हणाली, तेच म्हटलं मी.

कार्मेलिताचा करार मूळ मुदत संपण्याआधीच आणखी २५ वर्षांसाठी वाढवला गेला आहे, तेव्हा जायचा विचार असेल तर ही वाट अजून तिथेच आहे, त्याच माणसांच्या हातात. फेब्रुवारी ते एप्रिल चिखल कमी असतो, गोचिड्या जास्त. फ्लोरेसमध्ये बरेच जण ही सहल विकतात. गावाच्या सहकारी संस्थेकडूनच ठरवा, किंवा विकणाऱ्याला स्पष्ट विचारा की गावातले कोण कोण बरोबर असणार आणि त्यांना किती मिळणार. शाकाहारी असाल तर आधी सांगा, राजमा, अंडी, भात आणि टॉर्टिया यांवर निभतं आणि उत्तम निभतं. शेवटी बक्षिसी द्यायची तर वाटाड्या, स्वयंपाकीण आणि खेचरवाला यांना वेगवेगळी द्या. खेचरवाला पहाटे सामान लादून सगळ्यांच्या आधी निघालेला असतो, त्यामुळे निरोपाच्या वेळी तो बहुधा हजर नसतो आणि लोक त्याला विसरतात. त्याचे पैसे पाकिटात घालून संस्थेच्या कार्यालयात द्या.